सोसायटीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला स्वतः रचलेला परवाना नको : आमच्या कार्यकारिणीस खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

गृहनिर्माण सोसायट्यांच्या हिशेबासाठी आपल्या संस्थेच्या स्वयंसेवकांनी तयार केलेल्या सॉफ्टवेअरकरिता कार्यकारिणीने गेल्या बैठकीत पाच कलमांचा एक परवाना स्वतः लिहून मंजूर केला आणि ‘आपले सॉफ्टवेअर आता ओपन सोर्स (म्हणजे कोणीही वापरावे, बदलावे व पुढे द्यावे असे खुले) झाले आहे’ असे निवेदन सर्व सभासदांना पाठवले. या निर्णयाला माझी हरकत आहे. ती मी सचिवांकडे लेखी दिली होती. ‘ठराव झाला आहे, आता चर्चा नको’ एवढेच उत्तर मिळाल्यामुळे हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. संस्थेचे नाव यात घातलेले नाही. ज्यांना उद्देशून लिहिले आहे त्यांना ते ठाऊक आहे, आणि घोडबंदर रोडपासून बेलापूरपर्यंत अशी कामे हौसेने करणारी जी इतर मंडळे आहेत, त्यांच्यापुढेही हा प्रश्न आज ना उद्या येणारच आहे.

मी नेरुळला राहतो, आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे आणि पोटापाण्यासाठी प्रोग्रामिंग करतो. या सॉफ्टवेअरमधील देखभाल शुल्काची आकारणी आणि मराठी बिलाची छपाई हे दोन भाग मी लिहिले आहेत. सेवाशुल्क प्रत्येक सदनिकेला सारखे, पाणीपट्टी नळांच्या संख्येनुसार, सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.२५ टक्के, दुरुस्ती निधी ०.७५ टक्के, भाड्याने दिलेल्या घराचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत आणि थकबाकीवर उपविधींच्या मर्यादेतले सरळव्याज, असे सगळे नियम त्यात बसवलेले आहेत. बँकेच्या स्टेटमेंटवरून कोणत्या सभासदाची रक्कम जमा झाली हे जुळवणारा भाग कळव्याच्या एका विद्यार्थ्याचा आहे, ‘आय’ आणि ‘जे’ नमुन्यातील सभासदांच्या नोंदवह्या वाशीच्या एका ताईंनी केल्या आहेत, आणि नौपाड्यातील एका निवृत्त लेखापरीक्षकांनी प्रत्येक सूत्र कागदावर मांडून तपासून दिले आहे. यांपैकी कोणालाही मानधन मिळालेले नाही आणि कोणी ते मागितलेही नाही. आपले काम ज्याला गरज आहे त्याला वापरता यावे, एवढीच प्रत्येकाची अपेक्षा होती. परवान्याचा विषय आम्ही सुरुवातीलाच काढला होता. ‘आधी सॉफ्टवेअर चालू होऊ द्या, लायसन्सचे नंतर पाहू’ असे तेव्हा आपणच सांगितले, आणि कोड परवान्याच्या एकाही ओळीशिवाय सार्वजनिक रिपॉझिटरीत, म्हणजे कोड ठेवण्याच्या ऑनलाइन जागी, गेला.

परवाना हवाच, याबाबत आपल्यात मतभेद नाही. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ संगणक प्रोग्रामची गणना साहित्यकृतीत करतो. कोड लिहिला जाताच त्यावर लेखकाचा हक्क निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही, आणि तो हक्क लेखकाच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. गिटहबसारख्या ठिकाणी कोड सार्वजनिक ठेवला की तेथील अटींनुसार इतरांना तो पाहता येतो आणि तेथल्या तेथे त्याची फोर्क, म्हणजे स्वतःच्या खात्यात प्रत, काढता येते. परंतु तो स्वतःच्या सोसायटीत चालवण्याची, बदलण्याची किंवा शेजारच्या इमारतीला देण्याची परवानगी त्यातून मिळत नाही. म्हणजे आजवर ज्या सोसायट्या आपले सॉफ्टवेअर वापरत आल्या, त्यांच्या हाती लेखी असे काहीच नव्हते. ही पोकळी भरायला आपण पुढे आलात, ते योग्यच झाले. ज्या मजकुराने ती भरली, त्याला माझा विरोध आहे.

आपल्या परवान्याची कलमे सर्वांच्या माहितीसाठी येथे देतो. पहिले, सॉफ्टवेअर फक्त ठाणे जिल्ह्यातील नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्थांनी वापरावे. दुसरे, त्याचा कोणताही व्यावसायिक वापर करू नये. तिसरे, कोडमध्ये बदल करण्यापूर्वी कार्यकारिणीची लेखी मान्यता घ्यावी. चौथे, प्रत्येक बिलावर आणि प्रत्येक अहवालावर संस्थेचे नाव व बोधचिन्ह ठळकपणे छापावे. पाचवे, कार्यकारिणीला ही परवानगी कधीही, कारण न देता, मागे घेता येईल. शेवटी एक टीप आहे, की आजवर कोड लिहिणाऱ्या सर्वांनी आपले हक्क संस्थेकडे सोपवले आहेत असे मानण्यात येईल.

पहिली दोन कलमे असताना या सॉफ्टवेअरला ओपन सोर्स म्हणता येत नाही. ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था १९९८ मध्ये स्थापन झाली आणि डेबियन या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या १९९७ मधील मार्गदर्शक तत्त्वांच्या आधारे तिने दहा निकष निश्चित केले. त्यांतील पाचवा निकष सांगतो की परवान्याने कोणत्याही व्यक्तीबाबत किंवा गटाबाबत भेदभाव करू नये, आणि सहावा सांगतो की कोणत्याही कार्यक्षेत्राला, त्यात व्यापारही आला, मज्जाव करू नये. आपले निवेदन वाचून एखादा खजिनदार निर्धास्तपणे सॉफ्टवेअर घेईल आणि नंतर त्याला कळेल की तो अटी मोडत होता. हे होऊ नये म्हणून निवेदनातील ते वाक्य मागे घ्यावे, ही माझी पहिली विनंती आहे.

ठाणे जिल्ह्याची अट तर आपल्याच परिसराला लागू पडत नाही. खारघर, कामोठे आणि कळंबोली हे नवी मुंबईचेच भाग, पण ते रायगड जिल्ह्यात येतात. बेलापूरच्या इमारतीने सॉफ्टवेअर वापरायचे आणि खारघरच्या इमारतीने वापरायचे नाही, याला काय आधार आहे? त्यातही ‘नोंदणीकृत सहकारी संस्था’ या शब्दांनी वाशी-नेरुळमधील सिडकोने बांधलेल्या अनेक जुन्या वसाहती बाहेर पडतात, कारण त्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, १९७० खालील अपार्टमेंटधारकांचे संघ आहेत, सहकारी संस्था नव्हेत. आणि ज्या नव्या इमारतीत बिल्डरकडून हिशेब ताब्यात घ्यायचे आहेत पण सोसायटीची नोंदणी अजून व्हायची आहे, तेथील रहिवाशांना तर या सॉफ्टवेअरची सर्वांत जास्त गरज असते. त्यांनाही आपण दार बंद केले आहे.

व्यावसायिक वापरावरील बंदी मला सर्वांत घातक वाटते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. वीस-बावीस सदनिकांच्या लहान सोसायटीचे हिशेब कोण लिहिते, हे आपण सर्व जाणतो. खजिनदार नोकरी करणारा असतो, सचिवांचे वय झालेले असते, आणि प्रत्यक्ष वह्या लिहिणारी व्यक्ती म्हणजे दरमहा थोडी रक्कम घेऊन संध्याकाळी आठ-दहा सोसायट्यांचे काम करणारा एखादा अर्धवेळ हिशेबनीस असतो. आपल्या दुसऱ्या कलमाप्रमाणे त्याचा वापर व्यावसायिक ठरतो. त्याने हे सॉफ्टवेअर वापरायचे नाही, मग ते पोहोचणार कोणाकडे? मोठ्या संकुलांना तयार सेवा विकत घेणे परवडते. ज्यांना परवडत नाही त्यांच्यापर्यंत आपले काम याच हिशेबनिसांच्या हातून जाणार आहे. शिवाय सोसायटीने गच्चीवरील मोबाइल टॉवरचे भाडे याच सॉफ्टवेअरमध्ये नोंदवले तर तो व्यावसायिक वापर धरायचा की नाही? ऑडिटरने शुल्क घेऊन त्यातूनच ताळेबंद काढला तर? कलमात याचे उत्तर नाही आणि ते कोणाला लिहिताही येणार नाही, कारण ही सीमारेषा प्रत्यक्षात आखताच येत नाही.

या मार्गावरून इतर लोक आधी गेलेले आहेत. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम प्रथम दिली, तेव्हा त्यांच्या स्वतः लिहिलेल्या परवान्यात पैसे घेऊन वितरण करण्यास मनाई होती. फ्लॉपीवर प्रती काढून देणाऱ्यांना त्या फ्लॉपीचा खर्चही घेता येत नाही, हे लक्षात आल्यावर १९९२ च्या आरंभी, ०.१२ या आवृत्तीच्या सुमारास, त्यांनी ती अट सोडून जीपीएल स्वीकारला, म्हणजे विकायला मोकळीक देणारा पण प्रत वाटणाऱ्याला कोडही त्याच अटींवर द्यायला लावणारा परवाना. लिनक्स पुढे कोठवर पोहोचले हे सांगण्याची आवश्यकता नाही. जवळचे उदाहरण हवे असेल तर मुंबईच्या कंपनीने घडवलेले ईआरपीनेक्स्ट पाहावे. हिशेबाचे हे सॉफ्टवेअर जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली आहे, त्याचा पाया असलेले फ्रॅपे एमआयटी या अगदी कमी अटींच्या परवान्याखाली आहे, आणि व्यावसायिक वापराला पूर्ण मोकळीक देऊनही ती कंपनी सेवा देऊन आपला व्यवसाय करते.

पूर्वपरवानगीच्या कलमाबाबत थोडक्यात सांगतो. देखभाल शुल्कावरील जीएसटीच्या सवलतीची मर्यादा जानेवारी २०१८ मध्ये प्रत्येक सभासदामागे मासिक ५,००० रुपयांवरून ७,५०० रुपये झाली. असा बदल पुन्हा झाला तर खजिनदाराने कोडमधील एक आकडा बदलण्यासाठी कार्यकारिणीच्या पुढील बैठकीची वाट पाहायची आणि तोवर चुकीची बिले काढायची, असा या कलमाचा अर्थ होतो. आपली बैठक दर दोन महिन्यांनी होते.

नाव आणि बोधचिन्ह छापण्याच्या सक्तीमागील भावना मला समजते, कारण काम करणाऱ्याचे श्रेय पुसले जाऊ नये असे मलाही वाटते. पण या प्रकारची अट जगाने वापरून सोडून दिली आहे. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मूळ बीएसडी परवान्यात, प्रत्येक जाहिरातीत विद्यापीठाचा उल्लेख करावा, असे एक कलम होते. इतरांनी त्याचे अनुकरण करून आपापली नावे घातली, आणि १९९७ मधील नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या एका आवृत्तीत जीपीएलचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांना अशी ७५ वाक्ये मोजता आली. अखेर १९९९ मध्ये विद्यापीठाने ते कलम काढून टाकले. आपले सॉफ्टवेअर डोंबिवलीच्या एखाद्या मंडळाने सुधारले, मग बदलापूरच्या मंडळाने त्यात भर घातली, आणि प्रत्येकाने आपले बोधचिन्ह सक्तीचे केले, तर सभासदाला बिलावर रक्कम शोधावी लागेल. श्रेय जपण्याची चांगली सोय प्रस्थापित परवान्यांत आधीच आहे, तिच्याकडे पुढे येतो.

परवानगी कधीही मागे घेण्याचे कलम मला एक खजिनदार म्हणून बोचते. सोसायटीचे हिशेब वर्षानुवर्षे एका पद्धतीने चालावे लागतात. आर्थिक वर्ष संपले की ऑडिट, त्यानंतर ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा, आणि मागील वर्षांच्या नोंदी उपनिबंधक कार्यालय कधीही मागू शकते. ज्या साधनाची परवानगी उद्याची कार्यकारिणी एका ठरावाने काढून घेऊ शकते, त्यावर कोणता शहाणा माणूस सोसायटीच्या वह्या सोपवेल? जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत स्पष्ट लिहिले आहे की अटी पाळल्या जात असतील तोवर दिलेले हक्क मागे घेता येत नाहीत. वापरणाऱ्याला हीच खात्री हवी असते.

आता आपल्या मजकुरात जे नाही त्याविषयी. एमआयटी, बीएसडी, अपाची, जीपीएल यांतील प्रत्येक परवान्यात ‘हे सॉफ्टवेअर आहे त्या स्थितीत, कोणत्याही हमीशिवाय दिले आहे’ अशा अर्थाचे आणि नुकसानीची जबाबदारी नाकारणारे कलम असते. आपल्या पाच कलमांत ते नाही. थकबाकीच्या व्याजाची आकारणी कोठे चुकली आणि एखाद्या सभासदाने सोसायटीला सहकार न्यायालयात खेचले, तर सोसायटी उद्या कोड लिहिणाऱ्याकडे बोट दाखवू शकते. कळव्याच्या त्या विद्यार्थ्याने फुकट केलेल्या कामापायी त्याच्यावर अशी वेळ येण्याची शक्यता उघडी ठेवणे अन्यायाचे आहे. वकिलांनी वर्षानुवर्षे तपासलेला मजकूर वापरण्याचा हाच मोठा फायदा आहे. केंद्र सरकारने मे २०२० मध्ये आरोग्य सेतूच्या अँड्रॉइड अ‍ॅपचा कोड खुला केला तेव्हाही नवा मजकूर न लिहिता अपाची परवान्याची २.० ही आवृत्ती निवडली होती.

शेवटच्या टीपेबद्दल मला ठामपणे लिहावे लागेल. आम्ही हक्क सोपवले आहेत असे ‘मानण्याचा’ अधिकार कार्यकारिणीला नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार कृतीचा पहिला मालक तिचा लेखक असतो. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाला अपवाद आहे, पण आम्ही संस्थेचे नोकर नाही. कलम १९ नुसार हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सोपवणाऱ्याच्या सहीनेच व्हावे लागते, त्यात कृती कोणती व हक्क कोणते हे नमूद करावे लागते, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते. असा एकही कागद अस्तित्वात नाही. शिवाय कलम ५७ प्रमाणे, हक्क सोपवल्यानंतरही, ही कृती माझी आहे असे म्हणण्याचा लेखकाचा अधिकार शाबूत राहतो. म्हणून ज्या कोडचे मालक दहा-बारा वेगवेगळे लोक आहेत, त्याला कोणताही परवाना लावायचा तर त्या प्रत्येकाची लेखी संमती लागेल. वाशीच्या ताईंना तर हा ठराव निवेदन वाचल्यावर कळला. त्यांच्या कामाबद्दल त्यांना न विचारता निर्णय घेतला गेला, याचे मला मनापासून वाईट वाटले आहे.

यात एक अडचण अशीही आहे जी संमतीनेही सुटणार नाही. स्टेटमेंट जुळवण्याच्या भागातील काही फाइली जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखालील दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून घेतलेल्या आहेत आणि तसे त्या फाइलींच्या शिरोभागी लिहिलेले आहे. जीपीएल सांगतो की हा कोड पुढे देताना कोणतेही अधिकचे निर्बंध लादू नयेत. आपल्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या कलमांनी नेमके तेच केले आहे, म्हणजे संस्था दुसऱ्या लेखकांचा परवाना मोडत आहे. मराठी बिलाचेही तसेच पाहा. जोडाक्षरे नीट उमटावीत म्हणून आम्ही हार्फबझ वापरतो, अक्षरांसाठी मुंबईच्या एक टाइप या समूहाचा मुक्ता हा फाँट वापरतो. पहिले एमआयटीसारख्या सैल परवान्याखाली आणि दुसरे एसआयएल ओपन फाँट लायसन्सखाली मिळते. ते देणाऱ्यांनी आपल्याला जिल्हा विचारला नव्हता.

आपली मूळ भीती मला ठाऊक आहे आणि ती निराधार नाही. एखादी कंपनी हे सॉफ्टवेअर उचलेल, वर चार रंगीत पडदे चढवून वेबसाइटवर चालवेल, आपल्याच सोसायट्यांकडून दरमहा पैसे घेईल आणि केलेली सुधारणा कोणालाही दाखवणार नाही, असे अध्यक्षांनी बैठकीत बोलून दाखवल्याचे इतिवृत्तात आहे. एमआयटी किंवा बीएसडी निवडला तर हे घडू शकते, कारण ते परवाने कॉपीराइटची सूचना व परवान्याचा मजकूर सोबत ठेवण्यापलीकडे फारसे काही मागत नाहीत. अपाची २.० त्यात पेटंटविषयक स्पष्ट परवानगीची भर घालतो, जी आपल्या प्रकारच्या कामात क्वचितच उपयोगी पडेल. जीपीएल बदललेल्या प्रती वाटणाऱ्याला सोर्स कोड देण्यास बांधतो, पण प्रत न वाटता केवळ आपल्या सर्व्हरवर सॉफ्टवेअर चालवणारी कंपनी त्यातून सुटते. ही फट बुजवण्यासाठीच फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने २००७ च्या नोव्हेंबरमध्ये एजीपीएलची तिसरी आवृत्ती आणली. तिच्या कलम १३ नुसार, बदललेले सॉफ्टवेअर जो नेटवर्कवरून लोकांना वापरायला देतो, त्याने त्या वापरकर्त्यांना बदललेला सोर्स कोड मिळवण्याची संधी ठळकपणे द्यावी लागते. कंपनीने पैसे जरूर घ्यावेत. सुधारणा मात्र सोसायट्यांच्या हाती याव्यात. आपल्याला जे हवे आहे ते हेच आहे आणि त्यासाठी अर्धवेळ हिशेबनिसाला बाहेर काढण्याचे कारण उरत नाही.

श्रेयाची सोयही येथेच आहे. एजीपीएलच्या कलम ७ नुसार, लेखकांचा वाजवी उल्लेख जपावा, बदललेली आवृत्ती मूळ म्हणून खपवू नये, आणि संस्थेचे नाव ट्रेडमार्क म्हणून वापरण्याची परवानगी यातून मिळत नाही, अशा पूरक अटी जोडता येतात. बोधचिन्हाचे रक्षण करायचे असेल तर त्याची नोंदणी ट्रेडमार्क कायदा, १९९९ खाली वेगळी करावी. कोडच्या परवान्यावर तो भार टाकू नये. जीपीएलखालील त्या फाइलींशीही एजीपीएलचे जुळते, कारण दोन्ही परवान्यांच्या तिसऱ्या आवृत्त्यांत एकमेकांशी जोडण्याची तरतूद मुद्दाम केलेली आहे.

‘परवान्याला कोर्टात कोण विचारतो’ असा प्रश्न एका सदस्यांनी केला होता. छंद म्हणून खेळण्यातील रेल्वे चालवणाऱ्यांच्या एका सॉफ्टवेअरबाबत, जेकबसन विरुद्ध कॅट्झर या खटल्यात, अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने २००८ मध्ये मान्य केले की मुक्त परवान्याच्या अटी मोडणे हे कॉपीराइटचे उल्लंघन ठरू शकते. २००३ मध्ये लिंकसिसच्या राउटरमध्ये लिनक्सचा कोड आढळल्यावर जीपीएलमुळे कंपनीला सोर्स कोड द्यावा लागला आणि त्यातूनच पुढे ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचे मुक्त सॉफ्टवेअर उभे राहिले. भारतातील न्यायालयापुढे उद्या हा प्रश्न गेला, तर जगभर वापरलेला आणि अर्थ स्पष्ट झालेला मजकूर हाती असणे आपल्याच हिताचे ठरेल.

परवाना मराठीत असावा, हा आपला आग्रह मला प्रिय आहे. युरोपीय संघाने स्वतःचा मुक्त परवाना आपल्या अनेक अधिकृत भाषांत समान मान्यतेने दिला आहे, आणि मराठीसाठीही कधीतरी असे काम व्हावे असे मला वाटते. आजच्या घडीला मूळ इंग्रजी मजकूर बंधनकारक ठेवून सोबत मराठी भावार्थ, तो अधिकृत नाही अशा स्पष्ट सूचनेसह, देता येईल. तो लिहून देण्याची माझी तयारी आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत. पाच कलमांचा ठराव तत्काळ स्थगित करावा आणि ओपन सोर्सविषयीचे निवेदन मागे घ्यावे. रिपॉझिटरीच्या इतिहासावरून कोड लिहिणाऱ्या सर्वांची यादी प्रसिद्ध करावी आणि प्रत्येकाची संमती लेखी घ्यावी. जो संमती देणार नाही त्याचा भाग काढून पुन्हा लिहावा, त्याच्यावर दबाव आणू नये. मुख्य सॉफ्टवेअर एजीपीएलच्या ‘तिसऱ्या किंवा नंतरच्या’ आवृत्तीखाली द्यावे. रकमेचे मराठी अक्षरांत रूपांतर करणारा छोटा भाग मात्र एमआयटी परवान्याखाली वेगळा काढावा, कारण एक ते नव्याण्णवपर्यंतचे मराठी आकडे प्रत्येक प्रोग्रामर आजही नव्याने टंकत बसतो आणि हा भाग पतपेढ्यांपासून दुकानांपर्यंत कोणीही विनासायास वापरावा. मराठी माहितीपुस्तिका क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बीवाय-एसए ४.० (श्रेय द्यावे आणि त्याच अटींवर पुढे द्यावे) या परवान्याखाली द्यावी. कोडसाठी मात्र क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने वापरू नका असे ती संस्थाच सांगते. रिपॉझिटरीच्या मुळाशी परवान्याचा पूर्ण मजकूर आणि प्रत्येक फाइलच्या आरंभी तिचा परवाना ठरावीक संक्षेपात सांगणारी एसपीडीएक्स पद्धतीची एक ओळ असावी, तसेच इतरांकडून घेतलेल्या भागांची त्यांच्या परवान्यांसह यादी असावी. यापुढे येणाऱ्या योगदानासाठी हक्क लिहून घेऊ नयेत. लिनक्समध्ये २००४ पासून चालत आलेली साइन-ऑफची पद्धत, ज्यात लिहिणारा हा कोड देण्याचा आपल्याला अधिकार आहे असे नमूद करतो, ती पुरेशी आहे. आणि या सर्वांवर निर्णय घेण्यासाठी महिन्याभरात विशेष सभा बोलवावी, जिला कोड लिहिणारे सर्वजण, ते संस्थेचे सभासद असोत वा नसोत, निमंत्रित असावेत.

माझ्या वाट्याच्या कोडबाबत माझी भूमिका लेखी नोंदवतो. आकारणी आणि बिलछपाई हे दोन्ही भाग एजीपीएलच्या तिसऱ्या किंवा नंतरच्या आवृत्तीखाली, आणि त्यातील अंक अक्षरांत लिहिणारा भाग एमआयटी परवान्याखाली देण्यास मी या पत्राद्वारे संमती देत आहे. कार्यकारिणीच्या पाच कलमांना माझी संमती नाही आणि त्या अटींखाली माझा कोड वितरित करू नये. माझ्या सहीचे संमतिपत्र मी सचिवांच्या कार्यालयात जमा केले असून त्याची पोच घेतली आहे. सभेची तारीख कळवावी, ही विनंती.

आपला,
संस्थेचा एक सभासद आणि या सॉफ्टवेअरचा एक लेखक,
नेरुळ, नवी मुंबई